सर्पदंशाची लस पोहोचली, उपचार कधी पोहोचणार?

मृगाचा पाऊस पडून पेरणीची लगबग सुरू झाली की ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांत एक ओळखीचा हंगाम सुरू होतो. बिळांत पाणी शिरते. उंदीर आणि बेडकांच्या मागावर साप बांधावर, गोठ्यात, सरपणाच्या ढिगात येतात. नेमक्या त्याच दिवसांत माणसे अनवाणी चिखलात उतरलेली असतात आणि रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली असतात. देशातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात. हे वर्षानुवर्षे ठाऊक आहे. तरीही दर पावसाळ्यात तालुक्याच्या पानावर तीच बातमी छापून येते : सर्पदंश झालेल्या अमुक वयाच्या महिलेचा किंवा मुलाचा ‘पुढील उपचारासाठी नेत असताना वाटेत मृत्यू’.

या बातमीत महत्त्वाचा शब्द ‘वाटेत’ हा आहे. रुग्ण दवाखान्यात पोहोचला होता, तिथून त्याला पुढे पाठवले गेले आणि दोन दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर तो गेला.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले आणि २०१९ मध्ये हेच निम्म्याचे लक्ष्य जगापुढे ठेवले होते. २०२४ च्याच नोव्हेंबरात केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्यांना पत्र लिहून सर्पदंश हा ‘अधिसूचित’ आजार करावा, म्हणजे प्रत्येक संशयित दंशाची आणि मृत्यूची नोंद सरकारला कळवणे सरकारी व खासगी रुग्णालयांना बंधनकारक करावे, असे सुचवले. कर्नाटकाने ते त्याआधीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये केले होते.

नोंदीचा हा आग्रह कशासाठी, हे समजायला दोन आकडे पुरेसे आहेत. देशव्यापी मृत्यू पाहणीच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज काढला. रुग्णालयांच्या नोंदींतून वर जाणारा सरकारी आकडा याच्या आसपासही फिरकत नाही. दोन्हींतली दरी खोटेपणाची नाही, मोजण्याच्या जागेची आहे. मृत्यू पाहणीतले कार्यकर्ते घरोघर जाऊन ‘माणूस कशाने गेला’ हे विचारतात, आणि रुग्णालय फक्त आपल्या खाटेवरचा मृत्यू मोजते. याच पाहणीवर आधारलेल्या २०११ च्या एका निबंधात सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी जेमतेम २३ टक्के रुग्णालयांत झाल्याचे आढळले होते. उरलेली माणसे घरी, शेतात, भगताच्या अंगणात किंवा रस्त्यावर गेली. त्यांतल्या मोठ्या संख्येला तर दवाखान्याची पायरीही दिसली नाही. महाराष्ट्र हा सर्वाधिक मृत्यूंच्या आठ राज्यांत मोडत नाही. पण पालघर, गडचिरोली, नंदुरबार किंवा कोकणातल्या वाड्यांवर राहणाऱ्यांना या क्रमवारीतून फारसा दिलासा मिळणार नाही.

म्हणून नोंद हवीच. मात्र नोंदीचा एक उलटा परिणाम होऊ शकतो आणि त्याकडे आराखड्याच्या चर्चेत कोणी पाहिलेले दिसत नाही. ‘तुमच्या केंद्रात सर्पदंशाने किती मृत्यू झाले?’ हा रकाना एकदा अहवालात आला की त्यात शून्य ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रुग्णाला लवकरात लवकर दुसऱ्याच्या दारात पोहोचवणे. मातामृत्यूंच्या बाबतीत आपल्याकडच्या आरोग्य यंत्रणेने हा धडा एकदा गिरवलेला आहे. मृत्यू कुठे नोंदला जाणार याची धास्ती असली की गाडी लवकर बोलावली जाते, सलाईन मात्र उशिरा लागते.

सर्पदंशात उशिराची किंमत फार मोठी असते, कारण विषाचे काम थांबत नाही. आपल्याकडे जिवावर उठणारे दंश प्रामुख्याने चार सापांचे असतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पहिल्या दोघांचे विष नसांचा स्नायूंना मिळणारा निरोप तोडते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. दुसऱ्या दोघांचे विष रक्त गोठण्याची यंत्रणाच संपवून टाकते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते आणि घोणशीच्या दंशात मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. या चारही विषांवर एकच लस चालते, तिला डॉक्टर ‘एएसव्ही’ म्हणतात. ‘लस’ हा शब्द रूढ आहे, पण ती रोग टाळणारी लस नव्हे. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शुद्ध करून ती बनते आणि सलाईनमधून शिरेवाटे दिली जाते. मुंबईच्या हाफकिनने ती दीर्घकाळ बनवली आहे. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा साप-पकड्यांच्या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेतून येते.

या औषधाची एक खुबी दुर्गम भागाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. भुकटीच्या स्वरूपातल्या कुप्यांना फ्रिज लागत नाही. वीज दिवसदिवस जाणाऱ्या केंद्रातही त्या थंड, कोरड्या कपाटात टिकतात. लहान मूल असो वा मोठा माणूस, मात्रा तीच असते, कारण साप समोरच्याचे वय बघून विष सोडत नाही. सुरुवातीला साधारण दहा कुप्या. सरकारी दवाखान्यांत त्या मोफत मिळतात. तुटवड्याच्या तक्रारी अधूनमधून येतात आणि त्या खऱ्याही असतात. पण महाराष्ट्रातल्या बऱ्याच मृत्यूंची गोष्ट रिकाम्या कपाटाशी संपत नाही. कपाटात कुप्या असतात आणि रुग्णाला कागद मिळतो : ‘रेफर टू हायर सेंटर’.

प्राथमिक आरोग्य केंद्राला हे उपचार झेपतील का, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी लागणाऱ्या सामानाची यादी केली तर उत्तर आपोआप मिळते. रक्त गोठते आहे की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे ती नळी न हलवता ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे, लस सुरू करायची. जगातल्या मोठमोठ्या मार्गदर्शिकांत ही चाचणी आहे आणि तिचा खर्च एका नळीचा आहे. मात्र नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या नळीत, किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या नळीतही, चांगले रक्तसुद्धा नीट गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. आता बहुतेक ठिकाणी रक्त तपासायला प्लॅस्टिकच्या तयार नळ्या येतात. काचेची साधी नळी मागणीपत्रातून कधीच गायब झाली आहे. कोट्यवधींच्या आराखड्यात अशा गोष्टी सहज राहून जातात.

विष नसांवर गेले असेल तर ते पाहायला नळीही लागत नाही. रुग्णाला वर पाहायला सांगायचे, पापण्या उचलल्या जातात का बघायचे, एका दमात कितीपर्यंत आकडे म्हणता येतात ते मोजायचे आणि दर अर्ध्या तासाने तेच पुन्हा करायचे. औषधांत लस, तिची रिअॅक्शन आली तर अॅड्रिनलिन, नागाच्या दंशासाठी निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन. ही सगळी जुनी, स्वस्त इंजेक्शने आहेत. श्वास मंदावला तर हाताने दाबायची अंबू बॅग. यातली एकही वस्तू अशी नाही की जी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येणार नाही.

मग हात का अडतो? बरेचसे उत्तर भीतीत आहे आणि ती भीती निराधार नाही. घोड्याच्या रक्तापासून बनलेले औषध माणसाच्या शरीरात गेले की अंगावर पित्त उठणे, थंडी वाजणे, रक्तदाब कोसळणे, घसा आवळणे असे काहीही होऊ शकते. श्रीलंकेत भारतीय बनावटीचीच लस वापरतात. तिथे हजारावर रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन-चतुर्थांश रुग्णांना कमी-अधिक रिअॅक्शन आली. हा आकडा वाचून कोणत्याही तरुण डॉक्टरचा हात थबकेल. पण त्याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष असा, की लस सुरू करण्याआधी त्वचेखाली अॅड्रिनलिनची छोटी मात्रा दिली तर पहिल्या तासातल्या गंभीर रिअॅक्शनचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटते. म्हणजे धोका खरा आहे, नेहमीचा आहे आणि तो आटोक्यात ठेवणारे इंजेक्शन काही रुपयांचे आहे. रिअॅक्शन आली म्हणून लस सोडून द्यायची नसते. ती थांबवायची, अॅड्रिनलिन द्यायचे, रुग्ण सावरला की पुन्हा हळूहळू सुरू करायची. हे वाचून येत नाही. कोणाच्या तरी शेजारी उभे राहून एकदा करावे लागते.

आणि तिथेच गाडी अडते. शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने सर्पदंशाचा रुग्ण पाहिलेला असतो तो बहुधा अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटर आणि निवासी डॉक्टरांच्या गराड्यात. पदवीनंतर बंधपत्राची सेवा करायला तो डोंगराळ तालुक्यातल्या केंद्रात येतो, तेव्हा रात्री दोन वाजता त्याच्याबरोबर एक सिस्टर, एक शिपाई आणि ओट्यावर चाळीस माणसांचा जमाव असतो. लस दिली आणि रुग्ण गेला तर ‘चुकीचे इंजेक्शन दिले’ असे होणार. लस न देता पाठवला आणि वाटेत गेला तर दोष रस्त्याला जाणार. अशा हिशेबात ‘पुढे न्या’ म्हणणे हे स्वतःला वाचवण्याचे शहाणपण ठरते. त्या डॉक्टरला भित्रा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण हा हिशेब त्याने मांडलेला नाही. तो यंत्रणेने त्याच्या हाती दिलेला आहे.

मग प्रवास सुरू होतो. केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा रुग्णालय, तिथून जिल्ह्याचे ठिकाण आणि तिथेही खाट नसली तर मुंबई, पुणे, नागपूर. प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर, नवी सही आणि पुन्हा तोच प्रश्न : साप पाहिला का, कोणता होता? घाटरस्त्यावर मध्यरात्री प्रत्येक टप्पा तासाचा धरला तरी मण्यारीचे विष तेवढ्या वेळात छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचलेले असते.

पुढे पाठवणे मुळातच चूक असते असे नाही. घोणस चावलेल्या रुग्णाला डायलिसिस लागू शकते, मण्यारीच्या रुग्णाला व्हेंटिलेटर लागू शकतो, आणि त्यासाठी मोठे रुग्णालय हवेच. प्रश्न एवढाच की पहिल्या कुप्या देऊन पाठवले, की न देता. राष्ट्रीय उपचारपद्धतीही हेच सांगते. विषबाधेची लक्षणे असतील तर पहिली मात्रा सुरू करूनच रुग्ण हलवावा आणि श्वासाची तयारी असलेला माणूस सोबत द्यावा. महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांत डॉक्टर असतो. ही इतर अनेक राज्यांत नसलेली सोय आहे. केंद्रात लस सुरू झाली आणि गाडीत अंबू बॅग दाबणारा हात असला, तर तो तासाभराचा घाट उपचाराचाच भाग होतो.

मण्यारीचे उदाहरण इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. हा साप रात्री, झोपलेल्या माणसाला चावतो. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, वेदना नाही, सूज नाही. पहाटे माणूस पोटात दुखते, घसा आवळतो म्हणत उठतो आणि अनेकदा त्याला पित्त किंवा अपचन समजून गोळी दिली जाते. सकाळपर्यंत पापण्या मिटतात. पुढे तर हातपाय निश्चल, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, हाकेला ओ नाही अशी अवस्था येते आणि रुग्ण मेंदूने मृत झाला असे वाटू शकते. प्रत्यक्षात तो आतून जागा असू शकतो. एकदा नसांची टोके बिघडली की लसही ती तत्काळ दुरुस्त करत नाही, शरीर ती काही दिवसांत स्वतः दुरुस्त करते. तोवर फक्त श्वास चालू ठेवायचा. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत नातेवाइकांनी आळीपाळीने अंबू बॅग दाबून रुग्ण जगवल्याची उदाहरणे देशातल्या ग्रामीण डॉक्टरांना परिचित आहेत. तातडीच्या उपचारांत रबराची एक पिशवी आणि न थकणारे दोन हात हे कधी कधी सगळ्यांत मोठे यंत्र असते.

साधनांअभावी तातडीचा उपचार होत नाही, हे गृहीतक मोडून काढणारे सर्वांत ठोस उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीतले आहे. फक्त ते सापाचे नसून विंचवाचे आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाचा दंश हे मृत्यूचे नेहमीचे कारण होते. तीव्र लक्षणे झालेल्यांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि मग फुप्फुसांत पाणी, असा तो क्रम. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम टिपला आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचे वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या दाबाखाली हार मानते, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी द्यायला सुरुवात केली. ‘लॅन्सेट’मध्येच १९८६ साली त्याचे निष्कर्ष आले. पुढच्या काळात तीव्र दंशातले मृत्यू एक टक्क्याच्याही खाली उतरले. तोंडाने घ्यायची, स्वस्त, कोणत्याही केंद्रात ठेवता येणारी एक गोळी! २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या ७० रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष दिले तर रुग्ण आणखी लवकर बरे होतात, हेही बावस्करांनी दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कहाणीत एका माणसाच्या जिद्दीचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. पण तिचा दुसरा अर्थ सोयीस्करपणे बाजूला राहतो. तो डॉक्टर रुग्णाला पुढे न पाठवता रात्रभर त्याच्याजवळ थांबला, म्हणूनच त्याला गार पडलेले हात आणि नंतरचे फुप्फुसातले पाणी यांचा संबंध दिसला. ‘रेफर’ केलेल्या रुग्णाकडून कोणी काही शिकत नाही. दर पावसाळ्यात वीस रुग्ण पुढे पाठवणारे केंद्र दहा वर्षांनीही पहिल्या दिवसाइतकेच नवखे राहते.

व्यवस्था बदलून फरक पडतो याची उदाहरणेही आहेत. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेने काही वर्षे काम केले. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सर्पदंशाच्या उपचारांचे प्रशिक्षण दिले, आशांना दिले आणि भगतांनाही सोबत घेतले. भगतावर टीका करणे सोपे असते. पण आदिवासी पाड्यावर मध्यरात्री जागा असणारा आणि पैसे नसले तरी दार उघडणारा माणूस बऱ्याचदा तोच असतो. त्याने मंत्र म्हणता म्हणता ‘आधी दवाखान्यात जा’ म्हटले, तर त्याचा शब्द आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकापेक्षा जड ठरतो. या प्रयोगानंतर तालुक्यातले सर्पदंशाच्या रुग्णांमधले मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटले.

नेपाळच्या तराई भागात झापा जिल्ह्यात तर प्रयोग त्याहून साधा होता. गावातल्या मोटारसायकलवाल्या स्वयंसेवकांची यादी केली. दंश झाला की रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून थेट दमक येथील उपचार केंद्रावर न्यायचे, एवढेच. जोडीला गावोगाव जागृती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्या गावांत दंश झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. यात एक अट मात्र होती आणि ती विसरून चालणार नाही. मोटारसायकल जिथे थांबत होती तिथे उपचार खरोखर सुरू होत होते. वाहन वेगवान करून रुग्णाला ‘पुढे न्या’ सांगणाऱ्या दारात लवकर पोहोचवण्यात काही हशील नाही.

हे दुखणे फक्त सर्पदंशाचे नाही. आफ्रिकेतील २२ देशांच्या १८० रुग्णालयांत जवळपास २० हजार रुग्णांची पाहणी करणारा एक अभ्यास २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दर आठ रुग्णांमागे एक अत्यवस्थ होता, त्यांतले बहुतेक अतिदक्षता विभागात नसून साध्या वॉर्डात होते, आणि निम्म्याहून अधिकांना ऑक्सिजन, सलाईन, श्वासमार्ग मोकळा ठेवणे असे मूलभूत उपचारही मिळत नव्हते. जागतिक आरोग्य परिषदेने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तातडीच्या सेवांविषयी ठराव केले, त्यांचा रोखही इकडेच आहे. आपल्याकडे मात्र ‘तातडीची सेवा सुधारली’ याचा पुरावा म्हणून आजही नव्या इमारतीचे उद्घाटन आणि व्हेंटिलेटरची संख्या पुढे केली जाते. करोनाकाळात आलेली किती यंत्रे तालुक्यांत चालवणाऱ्या माणसाअभावी आच्छादनाखाली उभी राहिली, हे त्या त्या रुग्णालयातले कर्मचारी सांगू शकतील.

लसीच्या मर्यादाही दृष्टिआड करून चालणार नाहीत. एका प्रदेशातल्या सापाचे विष दुसऱ्या प्रदेशातल्या त्याच जातीच्या सापापेक्षा वेगळे असते, हे बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने दाखवले आहे. दक्षिणेतून गोळा केलेल्या विषावर बनलेली लस सगळीकडे सारखी चालेलच असे नाही, तिथे जास्त कुप्या लागतात. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळणाऱ्या एका आखूड घोणशीवर तर ही लस चालतच नाही. प्रादेशिक लस हवी, हे खरे. पण तिला वेळ लागेल आणि तोवर असलेली लस वेळेत देणे हाच हातातला उपाय आहे.

घरच्यांनी काय करावे, याचे उत्तर छोटे आहे. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत, चावलेला हात किंवा पाय हलवू नये, घट्ट दोरी बांधू नये, जखम चिरू नये, चोखू नये, सापाला मारायच्या किंवा पकडायच्या मागे लागू नये आणि सरळ जवळच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता धरावा. रात्री मच्छरदाणी नीट खोचून झोपणे मण्यारीपासूनही वाचवते. हिवतापाच्या मोहिमेत वाटलेल्या मच्छरदाणीचा हा उपयोग कोणी फारसा सांगत नाही.

सरकारच्या बाजूची कामे मात्र एवढी छोटी नाहीत, जरी त्यांतली बहुतेक स्वस्त असली तरी. राष्ट्रीय आराखड्यासोबत १५४०० या क्रमांकाची सर्पदंश मदतवाहिनी सुरू झाली, पण सुरुवातीच्या पाच राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत महाराष्ट्र नव्हता. अशा वाहिनीचा खरा उपयोग रुग्णाच्या नातेवाइकापेक्षा केंद्रातल्या एकट्या डॉक्टरला आहे. रात्री दोन वाजता ‘दहा कुप्या लाव, अॅड्रिनलिन भरून ठेव, मी फोनवर आहे’ असे म्हणणारा जिल्ह्यातला अनुभवी माणूस मिळाला तर ‘पुढे न्या’चा कागद लिहिण्याआधी तो एकदा थांबेल. पावसाळ्याआधी मे महिन्यात प्रत्येक तालुक्यात एक दिवसाचे हात धरून प्रशिक्षण आणि नळीपासून अंबू बॅगेपर्यंत सामानाची प्रत्यक्ष मोजणी, हे काम जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या अखत्यारीत बसते. त्याला मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. सर्पदंशाने शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. दोन लाखांत किती केंद्रांना काचेच्या नळ्या, अॅड्रिनलिन आणि अंबू बॅगा पुरवता येतील, हा हिशेब कोणीतरी मांडून पाहायला हरकत नाही.

अधिसूचनेचा नमुना राज्यांना आपापल्या पातळीवर बदलता येतो. त्यात मृत्यूच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने घालावे लागतील : दंश झाल्यापासून लसीची पहिली कुपी लागेपर्यंत किती मिनिटे गेली, आणि रुग्णाला पुढे पाठवले ते ती लावून की न लावता. पहिल्या रकान्यातला आकडा गावाबद्दल, रस्त्याबद्दल आणि रुग्णवाहिकेबद्दल बोलेल. दुसरा थेट आरोग्य खात्याबद्दल. रुग्ण वाटेत दगावला तरी तो मृत्यू जिथून त्याला लस न देता पाठवले त्या केंद्राच्या नोंदीत धरला गेला, तर शून्याचा तो रकाना राखण्यासाठी गाडीआधी सलाईन लावावे लागेल. २०३० च्या उद्दिष्टापर्यंत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच पावसाळे उरले आहेत.